कमावतं मशीन आणि शिकायचं मशीन

«मी कराडला राहते. घरी बसून चार व्यापाऱ्यांचं टॅलीचं काम करते, शिवाय श्रीलिपीत लग्नपत्रिका, निवेदनं, पावतीपुस्तकं टाइप करून देते. माझा डेस्कटॉप २०१४ सालचा आहे, आय-थ्री ४१३०, ४ जीबी रॅम. चालू व्हायलाच पाच-सात मिनिटं घेतो. विंडोज १० चा सपोर्ट संपल्याचा संदेशही सारखा येतो. नव्या मशीनसाठी ४०,००० रुपये बाजूला काढलेत. मुलगा यंदा कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला लागलाय. तो म्हणतो, सुटे पार्ट आणून मीच असेंबल करतो, त्याच पैशात भारी होईल. त्याची यादी सोबत जोडलीय. मिस्टर म्हणतात, ब्रँडेडच घ्या, प्रयोग नकोत. इथल्या एका दुकानदाराने ‘नवीन आय-फाइव्ह, ८ जीबी, एसएसडी, एक वर्ष वॉरंटी’ १७,५०० ला सांगितलाय. जुन्या कॅबिनेटला कधीकधी हात लागला की मुंग्या येतात, त्यामुळे तो आता नकोसाच झालाय. काय करावं?»

ताई,

मुंग्यांचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मी तिथूनच सुरुवात करतो. हात लागल्यावर मुंग्या येतात त्यात दोष बहुतेक कॉम्प्युटरचा नाही, तुमच्या घरच्या अर्थिंगचा आहे. एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्यात, वीज जिथून शिरते तिथे छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून पत्र्याला जोडलेला, एक न्यूट्रलपासून पत्र्याला. विजेतला कचरा गाळून तो अर्थिंगमध्ये सोडायचा, हे त्यांचं काम. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेटचा पत्रा या दोघांच्या मधोमध लोंबकळत राहतो आणि त्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट येऊन बसतात. प्रवाह अगदी किरकोळ असतो म्हणून मुंग्यांवर भागतं. पण उद्या आतली एखादी वायर खरोखर सुटून पत्र्याला टेकली, तर अर्थिंग नसलेल्या घरात तोच पत्रा जिवावर उठतो. आणि ४०,००० चं नवं मशीन त्याच सॉकेटला लावलंत तर मुंग्या तिथेही येणार.

वायरमनला बोलवून तीन पिनी सॉकेट मल्टिमीटरने मोजायला सांगा. फेज आणि अर्थिंगमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-चार व्होल्टच्या आत दिसायला हवं. एक गोष्ट त्याला डोळ्यांनी बघायला लावा. जुन्या घरांत कुणीतरी न्यूट्रलचीच वायर वळवून अर्थिंगच्या टोकाला जोडून ठेवलेली असते. मीटरवर आकडे ठीक दिसतात, पण ते अर्थिंग नव्हे, उलट जास्त धोक्याचं. जमिनीत गाडलेल्या प्लेटपर्यंत किंवा पाइपपर्यंत जाणारी वेगळी वायर हवी.

आता १७,५०० चा ‘नवीन आय-फाइव्ह’. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: प्रोसेसरचा पूर्ण नंबर काय? आय-फाइव्ह हे नुसतं घराण्याचं नाव झालं, पिढी पुढच्या आकड्यांत असते. आकडे चार असले तर पहिला बघायचा, पाच असले तर पहिले दोन. ३४७० म्हणजे तिसरी पिढी, ८५०० म्हणजे आठवी, १२४०० म्हणजे बारावी. या भावात मिळणाऱ्या ‘नवीन’ मशीनमध्ये मी वर्षानुवर्षं हेच बघत आलोय: दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा जुना प्रोसेसर आणि त्याला बसणारा एच ६१ जातीचा, आजही नव्याने तयार होणारा स्वस्त मदरबोर्ड. कॅबिनेट कोरं करकरीत, काचेवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेलं. पण ३४७० हा प्रोसेसर इंटेलने २०१२ मध्ये आणला. तुमचा ४१३० चौथ्या पिढीचा आहे. म्हणजे तुम्हाला नवीन म्हणून जे विकलं जाईल ते तुमच्या जुन्यापेक्षा एक पिढी मागचं असू शकतं. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तपासणी चुकवून जुन्या मशीनवरही ते टाकून देतात, पण मग मायक्रोसॉफ्ट त्या मशीनची जबाबदारी घेत नाही आणि पुढचे अपडेट येतीलच याची हमी राहत नाही. व्यापाऱ्यांचे हिशेब त्यावर ठेवायचे नाहीत. दुकानदाराने आठवी किंवा पुढची पिढी बिलावर लिहून दिली तर पुन्हा विचार करू. नंबर सांगायला तो टाळाटाळ करू लागला, तर तिथून उठा.

मुलाची यादी मी दोनदा वाचली. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर, ए ५२० चा बोर्ड, १६ जीबी रॅमची एक स्टिक, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क), एसएमपीएससकट कॅबिनेट. पोराने अभ्यास केलाय, हे तुम्ही त्याला माझ्याकडून सांगा. ५६००जी मध्ये सहा कोर आहेत आणि ग्राफिक्स आतच आहे. नवखी मुलं इथेच चुकतात. थोडे पैसे वाचतात म्हणून ५५०० घेतात, किंवा इंटेलचा ‘एफ’ अक्षर लागलेला १२१००एफ घेतात, सगळं जोडतात, पंखे फिरतात आणि स्क्रीन काळाच राहतो. कारण त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतंच, त्याला वेगळं कार्ड लागतं. त्याने ही चूक केलेली नाही.

दोन ठिकाणी मात्र त्याला थांबवेन. पहिलं, रॅम. आतलं ग्राफिक्स स्वतःसाठी वेगळी मेमरी बाळगत नाही, ते रॅममधूनच वाटा घेतं. त्यामुळे १६ ची एक स्टिक लावण्यापेक्षा आठ-आठच्या दोन लावल्या तर दोन्ही वाटांनी माहिती ये-जा करते आणि त्याच पैशात काम खूप चांगलं होतं. दुसरं ठिकाण जास्त गंभीर आहे: ‘एसएमपीएससकट कॅबिनेट’.

माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर एका किराणा व्यापाऱ्याचं मशीन आलं होतं. वर्षभरापूर्वीच असेंबल केलेलं, प्रोसेसर चांगला, बोर्ड चांगला. आतला एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट आलेला, त्यावर ४५० वॅट छापलेलं. तो मी काढून हातात घेतला तेव्हा दह्याच्या रिकाम्या डब्याएवढाच जड वाटला. उघडून पाहिलं तर गाळणीच्या कपॅसिटरच्या जागा छापलेल्या, भोकं पाडलेली आणि त्या जागी काहीच बसवलेलं नाही. ट्रान्सफॉर्मर पेढ्याएवढा. वीज जाऊन आली, तिच्या धक्क्याने तो जळाला आणि जाताना बोर्ड घेऊन गेला, हार्ड डिस्कही घेऊन गेला. डिस्कवर तीन वर्षांची उधारीची खाती होती, दुसरी प्रत नव्हती. तो माणूस माझ्या समोरच्या स्टुलावर कितीतरी वेळ नुसता बसून होता. तेव्हापासून कुणी यादी दाखवली की मी आधी एसएमपीएसची ओळ वाचतो. नाव असलेला, ८० प्लस ब्रॉन्झचा (कमी वीज वाया घालवतो याचा शिक्का), निदान तीन वर्षांची वॉरंटी असलेला एसएमपीएस वेगळा घ्यायचा आणि कॅबिनेट रिकामं घ्यायचं.

हे सगळं दुरुस्त करूनही, ताई, आत्ता असेंबल करू नका असंच मी म्हणेन. कारण मुलाच्या कौशल्याशी संबंधित नाही, बाजाराशी आहे. जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या खास मेमरीत नफा जास्त, म्हणून त्यांनी आपले कारखाने तिकडे वळवले. २०२५ च्या शेवटच्या काही महिन्यांत साध्या रॅमचे भाव दुपटीच्याही पुढे गेले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की ‘क्रुशल’ या नावाने ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा धंदाच बंद करतोय. एसएसडीचे भावही त्याच ओढीत वर गेले. जो सुटी रॅम विकत घेतो त्याला ही झळ पुरी लागते. ‘असेंबल केलं की स्वस्त पडतं’ हे वाक्य मुलाने ज्यांच्याकडून ऐकलं असेल त्यांच्या काळात ते खरं होतं. आज त्याच्या यादीतच तुमचे ४०,००० जवळजवळ संपतील आणि यादीत मॉनिटर नाही, यूपीएस नाही आणि विंडोजचं लायसन्सही नाही. लायसन्सची ओळ सगळेच विसरतात, कारण गल्लोगल्ली पेन ड्राइव्हवरून फुकट विंडोज टाकून मिळतं. तुमच्याकडे चार व्यापाऱ्यांचे पासवर्ड आहेत, डिजिटल सहीचं टोकन आहे. क्रॅक केलेल्या विंडोजवर हे ठेवणं म्हणजे कुलूप न लावता गल्ला उघडा टाकून जाणं आहे.

यजमानांचं म्हणणं मग बरोबर का? बरंचसं. नव्या ब्रँडेड मशीनला एक बिल, एक फोन नंबर आणि अस्सल विंडोज मिळतं. असेंबल केलेल्यात प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी, बोर्डासाठी एका सर्व्हिस सेंटरला, एसएसडीसाठी दुसऱ्या, आणि ही सेंटरं तुम्हाला कोल्हापूर नाहीतर पुण्याला गाठावी लागतात. पण ब्रँडेड घेताना दोन गोष्टी विचारायच्या. ‘ऑनसाइट वॉरंटी’ तुमच्या पिनकोडवर लागू आहे का, आणि किती वर्षं? शहरात माणूस दुसऱ्या दिवशी येतो, तालुक्याला कधी येतो ते आधी लेखी घ्या. दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. मोठ्या ब्रँडच्या बऱ्याच डेस्कटॉपमध्ये एसएमपीएस आणि बोर्डाचं कनेक्शन त्यांचं स्वतःचं असतं, बाजारातला साधा एसएमपीएस त्याला बसत नाही. वॉरंटी संपल्यावर तो गेला तर तुमच्या गल्लीतला दुरुस्तीवाला हात टेकतो. आणि तुमच्या बजेटमध्ये नवा ब्रँडेड टॉवर घेतला की मॉनिटरला पैसे उरणार नाहीत. रॅमही बहुतेक ८ च मिळेल.

खरी अडचण मला वेगळीच दिसते. तुम्ही दोघांच्या दोन गरजा एकाच खोक्यात भरायला निघालात. तुमच्या मशीनला महिन्याची तारीख असते. ११ ला जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र जीएसटीआर-१, २० ला कर भरायचं ३बी, आणि १९ च्या रात्री मशीन बंद पडलं तर चार घरांतून फोन. ते उघडायचंच नसतं. रोज सकाळी बटण दाबलं की चालू झालं पाहिजे, एवढीच त्याची परीक्षा. मुलाला हवंय ते मशीन उघडण्यासाठीच असतं. त्याची रॅम काढून बघायची, बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून काहीतरी बदलायचं, तीन ऑपरेटिंग सिस्टिम टाकायच्या आणि शुक्रवारी रात्री बिघडलं तर रविवारपर्यंत ते पसरून बसायचं. शिकायची दुसरी रीत नाही. दोघांचं मशीन एकच असलं तर एकतर तुमचं काम अडेल, नाहीतर तुम्ही त्याला हात लावू देणार नाही. दुसरं जास्त वाईट.

म्हणून मी सांगेन ते असं: तुमच्यासाठी ऑफिसच्या लॉटमधला रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण तपासून नीट केलेला, टॉवर घ्या आणि तुमचं जुनं मशीन मुलाच्या स्वाधीन करा.

सेकंड हँड म्हटल्यावर यजमानांच्या कपाळावर आठी पडेल, म्हणून नीट सांगतो. मोठ्या कंपन्या तीन ते पाच वर्षांनी एका झटक्यात शेकड्याने मशीन बदलतात. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे प्रोडेस्क आणि एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर. ही मशीन दिवसभर चालायसाठीच बांधलेली असतात, एसी खोलीत, स्थिर विजेवर वापरलेली असतात आणि लॉटने पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे येतात. आठव्या ते दहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, समजा ८५०० किंवा १०५००, यात सहा कोर असतात. टॅली, श्रीलिपी, ब्राउझरमध्ये पंधरा खिडक्या, एवढं त्याला काहीच नाही. रॅम आत बसलेलीच येते, विंडोजचं लायसन्स बहुतेकदा बोर्डाशी बांधलेलं असतं. भाव रॅमबरोबर यांचेही चढलेत, पण सुट्या पार्टांइतके नाही. आणि लॉटमध्ये एकाच मॉडेलची शेकडो मशीन येत असल्यामुळे ब्रँडेडची ती एसएमपीएसची अडचण इथे सुटते. टॉवर घेतानाच त्याच मॉडेलचा एक जादा एसएमपीएस व्यापाऱ्याकडून घेऊन कपाटात ठेवा. चार स्क्रू आणि दोन-तीन कनेक्टर. वेळ आली तर तुमचा मुलगा अर्ध्या तासात बदलेल.

घ्यायला प्रत्यक्ष जा, मुंबईत लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातलं दुकान, आणि मुलाला बरोबर न्या. तुम्ही बिल बघा, त्याला मशीन बघू द्या. बायॉसला जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला नाही ना, हे त्याने पहिल्यांदा बघावं, तो राहिला तर पुढे मोठा ताप होतो. मग टीपीएम २.० आहे का, विंडोज ॲक्टिव्हेटेड दाखवतंय का, क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून एसएसडीची तब्येत किती टक्के उरलीय. झाकण काढून बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले नाहीत ना. पुढचे-मागचे सगळे यूएसबी पोर्ट पेन ड्राइव्ह घालून. अर्धा-एक तास तिथेच चालू ठेवा आणि पंख्याजवळ कान न्या. घरघर नको. आकाराने छोटी, पुस्तकासारखी उभी राहणारी मशीनही दाखवतील. जागा कमी लागते, पण आत हात जात नाही. मोठाच टॉवर घ्या. बिलावर मॉडेल, सिरीयल नंबर, प्रोसेसरचा पूर्ण नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या. तोंडी भाव बहुतेकदा बिलाशिवायचा असतो, १८ टक्के जीएसटी धरून किती, हे आधीच विचारा. या ऑफिस मशीनना पुष्कळदा वायफाय नसतं आणि एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्ट असतो. वायफायचा डोंगल आणि केबल त्याच दुकानातून घेऊन या, नाहीतर घरी आल्यावर खोकं उघडून सगळे एकमेकांकडे बघत बसाल.

पैशांची वाटणी मी अशी करेन. टॉवर, जादा एसएमपीएस, डोंगल आणि केबल मिळून २४,०००, मॉनिटर ८,५००, यूपीएस ३,५००, दोन पेन ड्राइव्ह १,०००, आणि ३,००० मुलाचे. टॉवरमध्ये ५००-१,००० इकडे-तिकडे झाले तर यूपीएसमधून काढू नका.

मॉनिटरवर थोडा थांबतो, कारण तो तुमच्या तिघांच्याही बोलण्यात नाही. तुमच्या जुन्या मशीनसोबतचा स्क्रीन त्या काळच्या रिवाजाने अठरा-एकोणीस इंची, १३६६ बाय ७६८ चा असणार. त्यावर बारा पॉइंटात ‘ज्येष्ठ’ टाइप करून बघा. ‘ष्ठ’ आहे की ‘ष्ट’, हे नाक लावल्याशिवाय कळत नाही. रफार आणि अनुस्वार शेजारी आले की एकच ठिपका होतो. लग्नपत्रिकेत ‘ज्येष्ठ चिरंजीव’ची चूक पाचशे प्रती छापून झाल्यावर वधूच्या काकांच्या लक्षात येते, आणि तो खर्च कुणाच्या अंगावर येतो ते तुम्हाला सांगायला नको. २२ इंची, १९२० बाय १०८०, आयपीएस पॅनेलचा (बाजूनेही नीट दिसणारा) घ्या. अक्षराच्या कडा स्वच्छ दिसतात, टॅलीची लेजर आणि शेजारी जीएसटीचं पोर्टल एकाच वेळी मावतं. सात-आठ तास तुमचे डोळे प्रोसेसरकडे बघत नाहीत, या काचेकडे बघतात. टॉवर पाच वर्षांनी बदलाल तेव्हाही हाच मॉनिटर चालेल.

यूपीएस ६०० व्हीएचा पुरे. तो काम करायला नाही, टॅली नीट बंद करून मशीन विझवायला आहे. घरात इन्व्हर्टर असला तरी हवा. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, ते धरून चाला.

आता मशीन कधी बदलायचं. २० तारीख उलटल्यावर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरून नाव नोंदवता येतं. तेवढं आजच करा, म्हणजे घाईघाईत निर्णय घ्यावा लागणार नाही. बदलायच्या दिवशी आधी टॅलीच्या सगळ्या कंपन्यांचा बॅकअप दोन्ही पेन ड्राइव्हवर घ्या आणि एक पेन ड्राइव्ह घराबाहेर ठेवा, बहिणीकडे, शेजारी, कुठेही. मग जुन्या मशीनवरचं टॅलीचं लायसन्स सरेंडर करा, म्हणजे त्या मशीनवरून सोडवून घ्या. हे विसरून लोक जुनं मशीन फॉरमॅट करतात आणि नव्यावर लायसन्स चालू होईना म्हणून दोन दिवस फोनवर घालवतात. श्रीलिपीचं कुलूप, म्हणजे तो यूएसबीचा डोंगल, आणि तुमची आवृत्ती विंडोज ११ वर चालते का, हे मशीन घ्यायच्या आधीच कंपनीला फोन करून विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तर नव्या आवृत्तीचा खर्च आधी कळलेला बरा. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटरचा ड्रायव्हर, ही कामं पहिल्याच दिवशी उरका, १९ तारखेला नको.

जुनं मशीन लगेच मुलाला देऊ नका. पुढच्या महिन्याची ११ आणि २० नव्या मशीनवर सुरळीत पार पडू द्या. मग ते द्या, त्या ३,००० रुपयांसकट, आणि मग ते त्याचं. मध्ये बोलायचं नाही.

त्याला माझा निरोप सांगा. आधी मोबाइलवर प्रत्येक कनेक्टरचा फोटो काढ, विशेषतः पुढच्या पॅनेलच्या त्या बारीक वायरींचा. प्रोसेसरवरचा हीटसिंक काढशील तेव्हा खाली पांढरी पेस्ट खडूसारखी वाळलेली दिसेल, पंखा सारखा ओरडत असेल तर तो त्यामुळे. ती साफ करून तुरीच्या डाळीएवढी नवी पेस्ट लाव, जास्त नको. सेकंड हँड डीडीआर-३ ची ४ किंवा ८ जीबीची स्टिक आणि एक छोटी साटा एसएसडी आण. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी लागली की हेच मशीन पाच मिनिटांऐवजी अर्ध्या मिनिटात उठेल, हे तू स्वतः बघ. डीडीआर-३ ची रॅम तुझ्या यादीतल्या बोर्डावर कधीच बसणार नाही, मधली खाच वेगळ्या जागी असते, म्हणून तिच्यावर कमीत कमी पैसे घाल. एसएसडी मात्र पुढच्या मशीनमध्ये जाईल, ती चांगल्यातली घे. लिनक्स मिंट टाक. डिप्लोमाचं सी आणि पायथॉन त्यावर सुरेख चालतं. तुझी यादी जपून ठेव आणि दर महिन्याला त्यातले भाव लिहीत जा. रॅम उतरली की सगळ्यात आधी चांगला एसएमपीएस आणि कॅबिनेट घे, बाकीचं एकेक करून. बोर्ड आणि प्रोसेसर मात्र एकदमच घे, म्हणजे पार्ट खराब निघाला तर बदलून मिळायच्या मुदतीत तुला कळेल.

तो जुनं मशीन उघडून आत हात घालणार आहे, म्हणून प्लग काढल्याशिवाय झाकण उघडायचं नाही आणि एसएमपीएसचा डबा फोडायचाच नाही, तो प्लग काढल्यावरही आत वीज धरून ठेवतो, हे तुम्ही त्याला निक्षून सांगा. मशीनची खरेदी पुढच्या महिन्यात झाली तरी चालेल. वायरमनला मात्र उद्याच बोलवा.